वन्य मधमाशांचें रक्षण व मधाचा हक्क

मधाचा इतिहास लिहावयाचा तर साधनांची उणीव भासणार नाहीं. मधुपर्कापासून पंचामृतापर्यंत आणि वैद्याच्या अनुपानापासून तान्ह्या मुलाच्या चाटणापर्यंत मध आपल्या आचारांत सर्वत्र आहे. मध करणारी माशी मात्र लेखांत क्वचितच दिसते. आलीच तर ती मालाच्या यादींत येते, आणि तीहि ‘मध’ व ‘मेण’ या दोन शब्दांच्या आड लपून. त्यामुळें तिच्या रक्षणालाहि कांहीं इतिहास असेल ही कल्पनाच पुष्कळांना नवी वाटेल.

प्रस्तुत लेखांत वन्य मधमाशांच्या रक्षणाचे जे प्रयत्न लोकांनीं, म्हणजे राजानें किंवा सरकारी खात्यानें नव्हे, तर गांवांनीं व जमातींनीं केले, त्यांचा विचार करावयाचा आहे. आमचें म्हणणें थोडक्यांत असें आहे. मोहोळ वांचतें कीं जळतें हें मध काढणाराच्या दयाबुद्धीवर फारसें अवलंबून नसतें. पुढल्या वर्षीं त्याच झाडावरचें मोहोळ आपल्याच हातीं येईल अशी त्याला कितपत खात्री आहे, यावर तें अवलंबून असतें. म्हणून मधमाशीच्या रक्षणाचा इतिहास हा बव्हंशीं मधाच्या हक्काचा इतिहास आहे.

प्रथम माशीची ओळख करून घेतली पाहिजे. आपल्याकडे मध करणाऱ्या माशा मुख्यतः चार. आग्या माशी आकारानें मोठी व स्वभावानें तापट; ती उंच झाडाच्या आडव्या फांदीला, कड्याच्या कपारीला अगर मोठ्या इमारतीच्या सज्जाखालीं एकच एक उघडें पोळें लाविते, आणि तें कधीं कधीं दोन हातांहून रुंद होतें. सातेरी ही झाडाच्या ढोलींत, वारुळांत किंवा भिंतीच्या पोकळींत अनेक समांतर पोळीं बांधते. फुलोरी झुडपांत वीतभर पोळें लाविते. चौथी डंख नसलेली, अगदीं लहान. ती भिंतीच्या भेगांत राळ व मेण मिसळून घर करते. यांपैकीं पेटींत मुख्यत्वें पाळली जाते ती सातेरी. आग्या व फुलोरी उघड्यावर राहणाऱ्या असल्यामुळें पेटी त्यांना मानवत नाहीं.

आग्या माशीच्या दोन गोष्टी आपल्या विषयास विशेष उपयोगी आहेत. एक, तिच्या पोळ्यांत मध हा वरच्या बाजूस, फांदीलगतच्या एका जाड भागांत साठविलेला असतो. अंडीं व अळ्या यांचा भाग त्याच्या खालीं पसरलेला असतो. म्हणजे मध तेवढा कापून घ्यावा आणि संतति राहूं द्यावी, अशी सोय निसर्गतःच आहे. दुसरी गोष्ट अशी कीं, ही माशी फुलोऱ्यामागें दूरवर स्थलांतर करते. पण परत येते ती पुष्कळदा त्याच झाडावर. रानांतील माणसांना हें पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होतें. आसामांतील वसाहतींची आनुवंशिक तपासणी करून तिचे निष्कर्ष इ. स. २००० मध्यें प्रसिद्ध झाले. त्यांवरून कांहीं वसाहती आपल्याच जुन्या जागीं परततात असें सिद्ध झालें. ज्यानें या वर्षीं मोहोळ जाळलें, त्यानें पुढील वर्षींचें आपलेंच उत्पन्न जाळलें, असा याचा व्यवहारी अर्थ आहे.

असें असतां जाळण्याची रीत पडली कशी? मध काढण्याची कला तर फार जुनी. पचमढीच्या परिसरांतील शिलाश्रयांत मध काढणाऱ्यांचीं चित्रें आहेत. त्यांत पोळें, त्याभोंवतीं उडणाऱ्या माशा आणि वर चढलेलीं माणसें स्पष्ट ओळखूं येतात. सुश्रुतानें मधाचे पौत्तिक, भ्रामर, क्षौद्र, माक्षिक, छात्र, आर्घ्य, औद्दालक व दाल असे आठ प्रकार सांगितले आहेत. या वर्गीकरणांतील प्रत्येक नांव आज कोणत्या माशीस लावावें याविषयीं वाद घालतां येईल. परंतु माशा निरनिराळ्या आहेत व त्यांचा मधहि निरनिराळा आहे, हें त्या काळच्या वैद्यांस माहीत होतें एवढें निर्विवाद आहे.

याहून बोलका पुरावा जैन आचारग्रंथांचा आहे. श्रावकानें जें वर्ज्य करावयाचें त्यांत मद्य व मांस यांच्या जोडीला मधु घातला आहे, आणि त्याचें कारण प्राणिहिंसा हें दिलें आहे. हेमचंद्राच्या योगशास्त्रांतहि, म्हणजे बाराव्या शतकांत, मधाचा निषेध याच कारणास्तव आढळतो. धर्मशास्त्राच्या दृष्टीनें या निषेधाचा विचार अनेकांनीं केला आहे. इतिहासाच्या दृष्टीनें त्यावरून निघणारें अनुमान असें कीं, त्या काळीं बाजारांत येणारा मध हा बहुतेक माशा व अळ्या मारून काढलेला असे. नाहीं तर हा आक्षेप इतक्या जोरानें घेतला गेला नसता. येथें एक गोष्ट नजरेंत भरते. ज्यांनीं हिंसा ओळखली त्यांनीं मध टाकला. हिंसेवांचून मध कसा काढावा हा प्रश्न त्यांनीं आपला मानला नाहीं. तो ज्यांना पोटासाठीं झाडावर चढावें लागे त्यांच्याकडेच राहिला.

आपली भाषाहि या बाबतींत माशीला फारशी अनुकूल नाहीं. मोहोळ ‘उठतें’, आग्या मोहोळास धोंडा मारूं नये, असें आपण म्हणतों. म्हणजे नागर माणसाच्या लेखीं माशी ही संकटाची उपमा आहे. इंग्रजी अंमलांतील लेखकांचीहि दृष्टि हीच होती. जबलपुराजवळ भेडाघाट येथें नर्मदेच्या संगमरवरी कड्यांवर आग्या माशांचीं पोळीं असतात. तेथें १८५९ सालीं बॉडिंग्टन नांवाचा रेल्वेचा एक इंजिनियर माशांच्या हल्ल्यांत सांपडून नदींत बुडून मेला. फोर्सिथनें १८७१ च्या आपल्या मध्य हिंदुस्थानावरील ग्रंथांत ही हकीकत नमूद केली आहे, आणि नंतरच्या प्रवासवर्णनकारांच्याहि ती आवडीची झाली. त्याच कड्यांवरून वर्षानुवर्षें मध उतरविणाऱ्यांविषयीं मात्र त्यांना इतकें लिहावेंसें वाटलें नाहीं.

आतां कायद्याकडे वळूं. १९२७ च्या भारतीय वन अधिनियमांत ‘वनोत्पन्न’ या शब्दाची जी व्याख्या आहे तींत कातडीं, हस्तिदंत, शिंगें, हाडें, रेशीम व कोसले यांच्या ओळींत मध व मेण हीं घातलीं आहेत. म्हणजे रानांतील मोहोळ हें सरकारी मालमत्ता ठरलें. पण तें मध या जिनसापुरतें. माशी, तिचें झाड, तिची ढोली यांची त्या व्याख्येस गरज नव्हती. गौण वनोत्पन्नाचा मक्ता लिलावानें द्यावयाचा ही पद्धत यांतूनच दृढ झाली. मक्तेदाराची मुदत ठरलेली, आणि ती संपल्यावर रान दुसऱ्याच्या हातीं जावयाचें. झाडावर चढणारा गोंड, कोरकू किंवा कातकरी हा पूर्वीं आपल्या वहिवाटीनें मध काढी. तो आतां मक्तेदाराचा मजूर अगर सरकारच्या दृष्टीनें चोर झाला. मजुराला वजनाप्रमाणें दाम मिळे, चोराला घाई असे. दोघांनाहि एकच रीत परवडे; ती म्हणजे रात्रीं पेटती चूड घेऊन वर चढावें, माशा होरपळून खालीं पाडाव्या, सबंध पोळें खरवडून आणावें आणि अळ्यांसकट पिळून काढावें. असा मध गढूळ असतो, लौकर आंबतो, आणि म्हणून स्वस्त विकला जातो. स्वस्त विकला गेला म्हणजे तितक्याच पैशासाठीं आणखी मोहोळें जाळावीं लागतात. आदिवासींच्या अज्ञानास दोष देणाऱ्यांनीं हें चक्र कोणी फिरतें केलें याचाहि विचार करावा.

सुधारणेचा जो पहिला मार्ग सुचला तो पेटीचा. १९११ नंतरच्या कांहीं वर्षांत न्यूटन या पाद्र्यानें दक्षिण हिंदुस्थानांत सातेरी माशीला योग्य अशी लहान पेटी तयार केली व ती पाळण्याचें शिक्षण दिलें. १९२८ मध्यें शेतकीवरील रॉयल कमिशनचा अहवाल आला, त्यांतहि या धंद्याचा विचार झाला. १९३४ सालीं वर्धा येथें अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला, आणि मगनवाडींतील उद्योगांत मधमाशापालनास स्थान मिळालें. पुढें पुण्यास १९६२ मध्यें केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था निघाली. महाबळेश्वराच्या परिसरांत तर जांभूळ, हिरडा, गेळा आणि सात-आठ वर्षांनीं एकदां फुलणारी कारवी यांच्या जोरावर हा धंदा चांगलाच रुजला. त्याच तालुक्यांतील मांघर हें गांव १६ मे २०२२ रोजीं देशांतील पहिलें ‘मधाचें गांव’ म्हणून जाहीर करण्यांत आलें.

या कार्याचें मोल कमी लेखण्याचें कारण नाहीं. डोंगरी गांवांतील कित्येक कुटुंबांना त्यानें आधार दिला आहे, आणि ज्याच्या घरीं पेटी आहे तो रानांतला वणवा व आंब्यावरील फवारणी या दोहोंकडे निराळ्या नजरेनें पाहतो. परंतु पेटीनें वन्य माशीचें रक्षण होतें असें म्हणणें बरोबर नाहीं. पुष्कळ पेट्या भरल्या त्या रानांतील ढोल्यांतून सातेरीच्या वसाहती पकडून आणूनच. आग्या माशीचा तर या योजनेशीं संबंधच येत नाहीं. शिवाय १९९१-९२ च्या सुमारास थायी सॅकब्रूड नांवाचा अळ्यांचा विषाणुजन्य रोग दक्षिण भारतांत पसरला व सातेरीच्या पाळीव वसाहतींचा प्रचंड संहार झाला, तेव्हां पाळणाऱ्यांना पुन्हा रानाकडेच तोंड करावें लागलें. रानांतली सातेरी उरली होती म्हणूनच धंदा पुन्हा उभा राहूं शकला. असो.

मोहोळाचा हक्क जमिनीच्या मालकीहून वेगळा धरतां येतो काय, हा खरा प्रश्न आहे. आणि त्याचें उत्तर देणारें एक उदाहरण युरोपांत आहे. पोलंड व लिथुआनिया यांच्या अरण्यांत जिवंत झाडाच्या खोडांत उंचावर ढोली कोरून तींत रानमाशी वसविण्याची जुनी चाल होती. अरण्य राजाचें अथवा सरदाराचें असे. पण कोरलेली ढोली व तिच्यांतील मध कोरणाऱ्याचा असे; खोडावर त्याची खूण घातलेली असे, हा हक्क मुलाकडे जाई, विकतां येई, आणि मोबदला म्हणून मालकास मध द्यावा लागे. या लोकांचीं स्वतःचीं न्यायमंडळें होतीं. त्यांचे रिवाज निश्चित्स्की या अधिकाऱ्यानें १५५९ सालीं लेखनिविष्ट केले. दुसऱ्याचें मोहोळ लुटणें हा त्यांत अत्यंत गंभीर अपराध मानला आहे. जमीन एकाची व मोहोळ दुसऱ्याचें ही व्यवस्था शतकानुशतकें चालली, आणि तींत मोठीं जुनीं झाडें तुटण्यापासून वांचलीं, कारण त्यांवर कोणाचा तरी हक्क होता. एकोणिसाव्या शतकांत सरकारी वनखात्यांना सरळ इमारती लाकूड हवें झालें. पोकळ खोडें त्यांना नकोशीं झालीं, आणि ही चाल तेथें मोडली. उरल पर्वताच्या दक्षिणेस बश्कीर लोकांत ती टिकून होती. त्यांच्याकडूनच पोलंडांतील लोकांनीं या शतकाच्या आरंभीं ती पुन्हा शिकून घेतली, आणि २०२० मध्यें पोलंड व बेलारूस यांच्या नांवें युनेस्कोच्या वारशाच्या यादींत तिची नोंद झाली.

आपल्याकडे अशी संहिता कोणी लिहिली नाहीं. पण रिवाज होते. निलगिरींतील कुरुंब लोकांत विशिष्ट कड्यांवरील मधाचा हक्क विशिष्ट कुळांकडे असे. वेलींच्या शिडीवरून कड्याखालीं उतरणाऱ्याचा दोर त्याच्या मेहुण्यानें धरावा, कारण बहिणीचें कुंकू राखण्याची काळजी त्याला सर्वांहून अधिक, असें तेथील लोक सांगतात. हा रिवाज विनोदाचा नाहीं. हक्क, नातें आणि जीव हीं तिन्ही एकाच दोरास बांधलेलीं होतीं. १९९३ पासून कोटगिरी येथील कीस्टोन ही संस्था या मध काढणाऱ्यांबरोबर काम करीत आली आहे. लोकांकडील ज्ञान लिहून ठेवणें आणि मधाला योग्य भाव मिळवून देणें, या दोन्ही अंगांनीं तिचें काम चाललें.

महाराष्ट्रांतील सर्वांत बोधप्रद उदाहरण मात्र गडचिरोली जिल्ह्याच्या धानोरा तालुक्यांतील मेंढा (लेखा) या लहानशा गोंड गांवाचें आहे. १९८० नंतर इंचमपल्ली व भोपालपट्टणम् येथील नियोजित धरणांविरुद्ध जी चळवळ झाली तींतून या गांवास आपल्या जंगलाचा विचार करण्याची संवय लागली. ‘दिल्ली-मुंबईंत आमचें सरकार, आमच्या गांवांत आम्हीच सरकार’ हें त्यांचें घोषवाक्य पुढें महाराष्ट्रभर ऐकूं आलें. परंतु घोषणेपेक्षां त्यांची कार्यपद्धति अधिक महत्त्वाची आहे. ग्रामसभेंत निर्णय बहुमतानें नव्हे तर सर्वसहमतीनें घ्यावयाचा. आणि निर्णयापूर्वीं त्या विषयाचा अभ्यास करावयाचा, त्यासाठीं ‘अभ्यासगट’ बसवावयाचा. मोहन हिराबाई हिरालाल व देवाजी तोफा हीं या कार्यांतील दोन नांवें सर्वश्रुत आहेत.

अभ्यासगटांपुढें जे विषय आले त्यांत मध हा एक होता. मोहोळ जाळून मध काढावयाचा ही रीत मेंढ्यांतहि होती. माशीची राहणी समजून घेतल्यावर त्यांच्या लक्षांत आलें कीं, आपण मधाबरोबर पुढचा मधहि नष्ट करीत आहों. तेव्हां अहिंसक रीतीनें मध काढण्याचें तंत्र शिकण्यांत आलें. अंगभर कपडा व तोंडावर जाळी घालून वर जावें. जाळ न करतां हलका धूर द्यावा, म्हणजे माशा बाजूस सरतात. मग फांदीलगतचा मधाचा भाग तेवढा कापून भांड्यांत घ्यावा आणि अळ्यांचा भाग जेथल्या तेथें राहूं द्यावा. संतति शाबूत असल्यानें माशा पोळें सोडून जात नाहींत. फुलोरा असेल तर कापलेला भाग पुन्हा भरतात. असा मध पिळावा लागत नाहीं, नुसता गाळला म्हणजे झालें, आणि स्वच्छ असल्यामुळें भावहि अधिक येतो. हीच रीत पुढें मेळघाटांतील कोरकू मध काढणाऱ्यांपर्यंत पोंचली.

तंत्र सोपें आहे, आणि पोळ्याची रचना कोणालाहि दिसण्यासारखी आहे. मग तें पूर्वींच सर्वत्र कां रूढ झालें नाहीं? आमच्या मतें याचें उत्तर मेंढ्याच्या इतर निर्णयांत सांपडतें. त्या गांवानें मधाचा विचार सुटा केला नाहीं. वणवा लावावयाचा नाहीं, बाहेरच्यानें ग्रामसभेस विचारल्यावांचून जंगलांतून कांहीं न्यावयाचें नाहीं, पाळीपाळीनें राखण करावयाची, हे नियम झाले होते. अशा रानांत अर्धें पोळें झाडावर ठेवून येणारा मनुष्य मूर्ख ठरत नाहीं, कारण मागाहून येऊन तें दुसरा कोणी लुटणार नाहीं असा त्याला विश्वास असतो. जेथें असा बंदोबस्त नाहीं तेथें शिकविलेलें तंत्र एकदोन हंगामांतच मागें पडण्याचा संभव असतो. ठेवलेलें पोळें दुसऱ्यानें नेलें कीं पहिलाहि पुन्हा चूड पेटवितो.

या व्यवस्थेस कायद्याचें अधिष्ठान फार उशिरां मिळालें. १९९६ च्या पेसा अधिनियमानें अनुसूचित क्षेत्रांतील ग्रामसभांना गौण वनोत्पन्नाची मालकी द्यावी असें ठरलें. २००६ च्या वनहक्क अधिनियमांत गौण वनोत्पन्नाच्या व्याख्येंत मध व मेण हे शब्द पुन्हा आले आहेत. शब्द तेच, १९२७ चेच. फरक मालकाचा आहे. पूर्वीं त्या शब्दांनीं मोहोळ सरकारचें झालें, आतां त्याच शब्दांनीं तें गांवाचें झालें. शिवाय या अधिनियमाच्या पांचव्या कलमानें वन्य जीव, वन व जैवविविधता यांचें रक्षण करण्याचा अधिकार ग्रामसभेस दिला आहे, तेव्हां माशी ही प्रथमच, नांव न घेतां कां होईना, जिनसापलीकडे गेली. मेंढ्याला सुमारें १८०० हेक्टर वनावरील सामूहिक हक्क २००९ मध्यें मिळाला. बांबूच्या वाहतुकीचे परवाने स्वतः देण्याचा अधिकार २०११ च्या एप्रिलांत हातीं आला. वर्तमानपत्रांनीं बांबूची हकीकत विस्तारानें छापली, कारण त्यांत पैसा मोठा होता. मधाची हकीकत त्यामानानें थोडक्यांना ठाऊक आहे. वास्तविक स्वतः अभ्यास करून स्वतःवर नियम घालण्याची संवय या गांवानें मधासारख्या लहान विषयांवरच अंगीं बाणविली होती.

इतर परागवाहकांविषयीं दोन शब्द लिहिणें अवश्य आहे. तुरीच्या फुलावर येणारा काळा भुंगा वाळक्या लाकडांत व बांबूच्या कांडांत घर करतो. पानें गोल कापून नेणारी एकटी माशी बिळांत व भोंकांत राहते. यांचा मध नसल्यामुळें त्यांच्यावर कोणाचा हक्क नाहीं, मक्ताहि नाहीं, आणि रक्षणहि नाहीं. त्यांना आजवर जो आश्रय मिळाला तो दुसऱ्याच निमित्तानें. माधव गाडगीळ व वा. द. वर्तक यांनीं १९७० नंतरच्या दशकांत पश्चिम घाटांतील देवरायांचा अभ्यास प्रसिद्ध केला. देवाचें म्हणून जेथें वाळकें लाकूडहि उचलावयाचें नाहीं, तेथें भुंग्याला घर आणि सातेरीला ढोली आपोआपच मिळाली. देवराईचे नियम माशीसाठीं केलेले नव्हते. पण वन्य माशीच्या दृष्टीनें पाहतां पेटी वांटणाऱ्या कित्येक योजनांहून ते अधिक उपकारक ठरले.

वनहक्काचा अधिनियम वनाच्या शिवेवर संपतो. आग्या माशी मात्र फुलोऱ्यामागें शिवारांत उतरते. मेंढ्यासारख्या गांवानें झाडावर राखलेली माशी मैल-दोन मैलांवर फवारलेल्या पिकावर मरूं शकते. कांद्याच्या बियाण्याचें पीक घेणाऱ्यांना या प्रश्नाची झळ प्रत्यक्ष लागते, कारण कांद्याचें फूल माशीवांचून नीट बीं धरीत नाहीं. फुलोऱ्यांत कीटकनाशक मारलें तर गोंडे भरघोस दिसतात आणि बीं पोकळ निघतें. शेताच्या बाबतींत मेंढ्यासारखी ग्रामसभा बसवून एकमेकांशीं ठराव करावा लागेल. फुलोऱ्याच्या दिवसांत फवारणी टाळावी, आणि भागच पडलें तर माशा घरीं परतल्यावर, सायंकाळीं करावी, हा कृषितज्ज्ञांचा सल्ला जुनाच आहे. पण तो एकट्या शेतकऱ्यानें पाळून भागत नाहीं, बांधापलीकडच्यानेंहि तो पाळावा लागतो.